अंतर्गृह छायाचित्रण व गृहसजावट

अंतर्गृह छायाचित्रण व गृहसजावट : घराच्या वा इमारतीच्या अंतर्भागाची छायाचित्रे घेण्याच्या तंत्रास अंतर्गृह छायाचित्रण म्हणतात. अशा छायाचित्रांचा मूळ उद्देश वास्तूची नोंद ठेवणे हा असला, तरी विसाव्या शतकात नियतकालिकांच्या प्रसारामुळे ती गृहसजावटीच्या कल्पनांचे एक प्रमुख साधन बनली. छायाचित्रातून आवडलेली खोली आपल्या घरात उतरविण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. तथापि छायाचित्र हे खोलीचे केवळ एका क्षणाचे व एका स्थानावरून घेतलेले दर्शन असते. त्यात उष्मा, धूळ, आवाज, पाण्याची सोय व माणसांचा वावर यांची नोंद होत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग करताना त्यातील कोणते गुण दुसऱ्या घरात नेता येतात व कोणते येत नाहीत, यांचा विवेक आवश्यक ठरतो. प्रस्तुत नोंदीत हा विषय मुख्यतः वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला भागांतील घरांच्या संदर्भात मांडला आहे.

ऐतिहासिक आढावा : छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये यूरोपात जाहीर झाली व लवकरच ती भारतात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. सुरुवातीच्या काचपट्ट्यांची प्रकाशसंवेदनशीलता अत्यल्प असल्याने घरातील मंद उजेडात चित्र घेण्यास दीर्घ प्रकाशन द्यावे लागे. म्हणून त्या काळातील बहुतेक छायाचित्रे उघड्यावरील वा काचेच्या छताखालील आहेत. १८८७ मध्ये मॅग्नेशियमच्या चूर्णाचा झगझगीत प्रकाश वापरात आला व सु. १९३० पासून त्याची जागा काचेच्या बंद दिव्यांनी घेतली. हैदराबादच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी तेथील राजवाड्यांतील दालने, झुंबरे व आसनव्यवस्था यांची छायाचित्रे घेतली. भारतातील अंतर्गृह छायाचित्रणाचे ते महत्त्वाचे आरंभीचे उदाहरण होय. वऱ्हाड प्रांत त्या वेळी नावापुरता निजामाचा असला, तरी १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता.

छायाचित्र छापील पानावर शाईने उतरविण्याची ठिपक्यांची पद्धत १८८० नंतर रूढ झाल्याने घराची चित्रे सामान्य वाचकापर्यंत पोहोचू लागली. अमेरिकेत हाउस ब्यूटिफुल (१८९६), इंग्लंडमध्ये कंट्री लाइफ (१८९७) व इटलीत डोमुस (१९२८) ही नियतकालिके निघाली. मुंबईत भारतीय वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने १९३७ मध्ये आदर्श गृहांचे प्रदर्शन भरविले. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या मार्ग या नियतकालिकाने आधुनिक वास्तुकलेची चर्चा चित्रांसह केली. केवळ अंतर्गृह सजावटीस वाहिलेली रंगीत नियतकालिके मुंबईत १९७० नंतरच्या दशकात निघू लागली. २०१० नंतर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अशा चित्रांचा अखंड ओघ उपलब्ध झाला.

छायाचित्र कधी कधी वास्तूपेक्षा अधिक प्रसिद्ध होते. लॉस अँजेल्स येथील डोंगरकड्यावरील एका काचेच्या घराचे ज्यूलियस शुलमन याने १९६० मध्ये घेतलेले छायाचित्र याचे ठळक उदाहरण होय. रात्रीच्या नगरदिव्यांवर अधांतरी बसल्यासारख्या दिसणाऱ्या दोन स्त्रिया त्यात आहेत. हे घर प्रत्यक्ष पाहणारे थोडे, पण ते चित्र पाहून काचेच्या भिंतींची हौस बाळगणारे जगभर झाले.

वऱ्हाडातील घराचा अंतर्भाग : वऱ्हाडात शेतजमिनीस ‘काळी’ व गावठाणास ‘पांढरी’ म्हणतात, आणि हा भेद बांधकामातही उतरला आहे. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीमुळे पाया व भिंती यांना तडे जातात. पांढरी माती भिंती व धाबे यांसाठी उपयोगी पडते. धाब्याच्या घरात सागवानी तुळया व कड्या यांवर फळ्या वा काटक्या पसरून वर मातीचा जाड थर चोपून बसवितात. हा थर जाड असल्याने दिवसाचा ताप आत उशिरा पोहोचतो. मात्र पावसाळ्यापूर्वी धाब्याची डागडुजी करावी लागते. मेळघाटातील सागवान जवळ असल्याने खांब, तुळया, दारे यांत त्याचा मुबलक वापर झाला. कारंजा (सध्या वाशीम जिल्हा) येथील जैन मंदिरांतील लाकडी कोरीव काम या कौशल्याची साक्ष देते.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली व १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. या व्यापारातून अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा इ. ठिकाणी संपन्न वाडे उभे राहिले. त्यांची रचना साधारणतः दिंडी दरवाजा, त्यालगतची ढेलज, चौक, ओसरी, माजघर, देवघर व माडी अशी असे. ओसरीवर वा माजघरात साखळ्यांनी टांगलेली लाकडी बंगई हे येथील घराचे वैशिष्ट्य होय. बैठकीत गाद्या, लोड व तक्के, त्यांखाली सतरंजी, भिंतीत कोनाडे व फडताळे, तुळईला हंड्या-झुंबरे असा थाट असे. सुती सतरंज्यांसाठी अकोट प्रसिद्ध होते. गरिबांच्या घरात शेणाने सारवलेली जमीन, पोतारलेल्या भिंती, मडक्यांची उतरंड व जुन्या लुगड्यांची वाकळ एवढीच सजावट. परंतु तीतही रंगांची व मांडणीची जाण स्पष्ट दिसते.

छायाचित्राचा पहिला प्रभाव या घरांवर छायाचित्रकाराच्या दुकानातून पडला, असे म्हणता येईल. तेथील रंगविलेला पडदा, कोरीव खुर्ची, उंच तिपाई व फुलदाणी ही उसनी सजावट घराण्याच्या छायाचित्रात कायम झाली. बैठकीच्या भिंतीवर पुढे झुकवून टांगलेल्या त्या तसबिरीखाली हळूहळू तशीच खुर्ची व तिपाईही येऊन बसली. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून (स्थापना १८९४) निघालेल्या रंगीत चित्रांनी देवघर व बैठक यांच्या भिंती भरल्या. अशा रीतीने चित्रातील घर पाहून घर सजविण्याची प्रथा नियतकालिकांच्याही आधीची आहे.

छायाचित्र खोली कशी बदलते : (१) भिंग : पस्तीस मिमी. चित्रपट्टीवरील ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग कर्णाच्या दिशेने सु. ४७° दृष्टिकोन व्यापते, तर अंतर्गृहासाठी सर्रास वापरले जाणारे २४ मिमी.चे विशालकोन भिंग सु. ८४° व्यापते. त्यामुळे जवळच्या वस्तू मोठ्या व दूरची भिंत लांब दिसते आणि दहा फुटांची खोली दालनासारखी भासते. (२) उंची : छायाचित्रक बहुधा तिपाईवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा खाली ठेवतात. भिंग आडव्या पातळीत राहिल्याने भिंतींच्या उभ्या रेषा सरळ राहतात आणि छत उंच वाटते. (३) प्रकाश : घरातील पिवळसर विद्युत् दिव्याचे रंगतापमान सु. २,७०० केल्व्हिन, तर दुपारच्या उजेडाचे सु. ५,५०० केल्व्हिन असते. या दोहोंत एकाच भिंतीचा रंग वेगळा दिसतो; छपाईने वा पडद्याने त्यात आणखी फरक पडतो. (४) मांडणी : चित्रापूर्वी वायरी, पादत्राणे, औषधे, दप्तरे व वाळत घातलेले कपडे हलविले जातात. (५) जोडकाम : खिडकीबाहेरील दृश्य व खोलीतील सावली यांची वेगवेगळी प्रकाशने घेऊन ती एकत्र केली जातात. अलीकडे तर अनेक ‘छायाचित्रे’ प्रत्यक्षात संगणकावर रचलेली असतात व त्यांतील खोली कोठेही अस्तित्वात नसते.

हवामान व अनुकरणाच्या मर्यादा : सजावटीची बरीचशी प्रसिद्ध चित्रे शीत प्रदेशांतील घरांची असतात. स्टॉकहोम येथे ऐन हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७° वर येतो. तेथे मोठी काच व पांढऱ्या भिंती ही उजेड व ऊब मिळविण्याची साधने आहेत. अमरावती येथे त्याच दिवशी सूर्य सु. ४५° वर असतो आणि मेच्या अखेरीस तो मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. या काळात अकोला व अमरावती येथे कमाल तापमान ४५° से.च्या आसपास, कधी त्याहूनही अधिक जाते. सकाळी पूर्वेकडील व दुपारनंतर पश्चिमेकडील भिंतीवर तिरपे ऊन थेट पडते. म्हणून पश्चिमेस जमिनीपासून छतापर्यंत काच बसविल्यास चित्रात खोली प्रशस्त दिसते. प्रत्यक्षात मात्र दिवसभर पडदे ओढून दिवे लावावे लागतात, म्हणजे ज्या उजेडासाठी काच बसविली तोच नाहीसा होतो.

चित्रात न दिसणाऱ्या वस्तूंचाही विचार करावा लागतो. वऱ्हाडात पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटवे बांधून त्यांवर पाणी शिंपडीत. पुढे त्यांची जागा कूलरने घेतली. उन्हाळ्याचे काही महिने तो घरातील एक खिडकी अडवितो, त्याला पाणी लागते व त्याच्या हवेला बाहेर जाण्यासाठी समोर वाट लागते. अकोल्यासारख्या शहरात उन्हाळ्यात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने साठवणीची टाकी, पिंपे यांनाही जागा हवी. या वस्तूंना मूळ आराखड्यात स्थान न दिल्यास त्या नंतर सर्व सजावटीच्या पुढ्यात येऊन बसतात. दाट लोकरी गालिचे, कापडी भिंतआच्छादन व खोल नक्षीचे छत यांवर कोरड्या ऋतूत धूळ साचते. उलट धुता येणारी सुती सतरंजी व तासलेली शहाबादी फरशी ही या हवेस मानवतात.

छायाचित्राचा उपयोग करण्याची पद्धत : चित्रातील वस्तूंपेक्षा त्यांमागील संबंध अभ्यासणे अधिक फलदायी ठरते. प्रथम ज्ञात मापाच्या वस्तूवरून खोलीचे माप काढावे. दाराची उंची सु. २·१ मी. व खुर्चीच्या बैठकीची सु. ४५ सेंमी. धरल्यास बाकीच्या मापांचा अंदाज येतो. नंतर सावल्यांवरून उजेड कोणत्या बाजूने व किती उंचीवरून येतो ते पाहावे. रंगांचा विचार करताना चित्र कृष्णधवल करून पाहिल्यास गडद व फिकट पृष्ठांचे प्रमाण कळते. खोलीचा शांत वा भारदस्त परिणाम पुष्कळदा रंगच्छटेपेक्षा या प्रमाणावर अवलंबून असतो. पांढरा चुना आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी बराच मोठा भाग परत पाठवितो, तर गडद पृष्ठे तो शोषून घेतात. म्हणून एकाच खिडकीच्या अरुंद माजघरात गडद भिंतीची नक्कल सहसा फसते.

यानंतर आपल्याच खोलीचे छायाचित्र सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर एकाच जागेवरून घ्यावे. सवयीने डोळ्याआड झालेली गर्दी, तिरप्या तसबिरी, अकारण अडविलेला कोनाडा या गोष्टी चित्रात चटकन लक्षात येतात. दोन चित्रे शेजारी ठेवून ‘त्या खोलीत आहे ते येथे आणावे काय’ याऐवजी ‘येथील काय काढल्याने ती मोकळीक येईल’ असा प्रश्न विचारणे कमी खर्चाचे व बहुधा अधिक उपयुक्त ठरते. रंगाचा निर्णय छापील नमुन्यावर न घेता भिंतीवर हातभर पट्टा ओढून तो दिवसभराच्या उजेडात पाहून घ्यावा. अखेरीस खोली रोज कोण झाडणार, तीत म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता येईल काय आणि चार पाहुणे अधिक आल्यास ते कोठे बसतील व निजतील, या प्रश्नांची उत्तरे चित्राबाहेर शोधावी लागतात. बंगई व ओसरी यांची योजना अशाच प्रश्नांतून झाली होती. दुपारी वाऱ्याला बसण्याची, रात्री गप्पांची व लहान मुलाला निजविण्याची सोय त्यांत एकत्र असे.

जुन्या घरांची नोंद : वऱ्हाडातील अनेक वाडे वाटण्या, दुरुस्तीचा खर्च, लाकडाची वाळवी व शहरातील जागेचे वाढते मोल यांमुळे पाडले गेले आहेत. त्यांतील कोरीव खांब व दारे सुटी विकली जातात आणि पुढे दूरच्या शहरातील एखाद्या उपाहारगृहाच्या वा बंगल्याच्या चित्रात शोभेची वस्तू म्हणून दिसतात. तेथे दार दिसते, पण ते कोणत्या वाऱ्यासाठी, कोणत्या चौकाकडे उघडत होते हे कळत नाही. त्यामुळे घर पाडण्यापूर्वी त्याची पद्धतशीर छायाचित्रे घेणे महत्त्वाचे ठरते. प्रत्येक खोलीची चारही भिंतींकडील दृश्ये, छत व जमीन, सांधे व कोनाडे, शेजारी मापाची पट्टी ठेवून घेतलेले तपशील आणि दिशा, ऋतू व वेळ यांची टीप एवढे असले, तरी सुताराला वा वास्तुशिल्पज्ञाला त्यावरून पुष्कळ शिकता येते. अशा चित्रांत माणसे व रोजच्या वस्तू असू देणे इष्ट होय. खोली कशी वापरली जात होती हे त्यांच्यावरूनच कळते. घराघरांतील जुन्या लग्न-मुंजींच्या छायाचित्रांतही मागच्या भिंतीचा रंग, फडताळ, बंगईच्या कड्या व धाब्याच्या तुळया दिसतात. वऱ्हाडात घर बांधू वा सजवू इच्छिणाऱ्यास दूरदेशीच्या गुळगुळीत पानांइतकाच, किंबहुना अधिक विश्वसनीय, असा हा संग्रह बहुधा त्याच्याच घरातील पेटीत असतो.