सैल त्वचा आणि दोऱ्याचा आधार

(नभोवाणीवरील भाषण)

'शस्त्रक्रियेवांचून चेहरा उचलून देऊं' अशा आशयाच्या जाहिराती अलीकडे मोठ्या शहरांतून वारंवार दृष्टीस पडतात. या उपचारास 'थ्रेड लिफ्ट' असें नांव आहे. आपण त्याला सरळ 'दोऱ्याचा उपचार' म्हणूं. घरांत एखादें लग्नकार्य जवळ आलें, किंवा साठीचा समारंभ ठरला, कीं आरशापुढें उभें राहून गालाची त्वचा दोन बोटांनीं कानाकडे ओढून पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो. बोटांनीं जें क्षणभर साधतें तें दोऱ्यानें कायमचें साधेल काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर अनेकांची शिल्लक आणि कांहींचा चेहराहि अवलंबून असल्यामुळें तो क्षुल्लक समजतां येणार नाहीं.

प्रथम त्वचा ओघळते कां, तें पाहूं. त्वचेच्या आंतल्या थरांत कोलॅजन आणि इलॅस्टिन या नांवाच्या प्रथिनांचे तंतू असतात. पहिल्यामुळें त्वचेला बळकटी येते आणि दुसऱ्यामुळें ताणल्यावर पुन्हां पूर्ववत् होण्याचा गुण येतो. वय वाढतें तसे हे तंतू विरळ व दुबळे होतात. प्रखर ऊन आणि धूम्रपान यांनीं ही झीज अधिक लवकर होते. पण ओघळण्याचा दोष एकट्या त्वचेकडे नाहीं. उतारवयांत जबड्याचें आणि डोळ्यांच्या खोबणीभोंवतालचें हाड झिजतें, गालांतील चरबीची ठेवण बदलते आणि तिला जागेवर धरून ठेवणारे बंध शिथिल होतात. मांडवाचें कापड जुनें व्हावें आणि त्याच सुमारास आंतील मेढीहि खचाव्या, तसा हा प्रकार आहे. नुसतें कापड ताणून मांडव पूर्वीसारखा उभा राहत नाहीं, ही गोष्ट पुढील विवेचनांत लक्षांत ठेवावी.

वैद्यकांत दोऱ्याचा उपयोग नवा नाहीं. जखमा शिवण्यासाठीं झाडाच्या सालीचे, तागाचे, स्नायूचे आणि केसांचेहि धागे वापरावे, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. नवी आहे ती दोऱ्याला कांटे ठेवण्याची युक्ति. गवतांतून चालतांना धोतरांत शिरलेलें कुसळ पुढें सरकतें, परंतु उलट ओढल्यास अडून बसतें. हाच गुण दोऱ्याच्या अंगीं आणलेला असतो. अशा कांटेरी दोऱ्याचें पेटंट अमेरिकेंत जॉन अल्कामो यांना 1964 सालीं मिळालें. चेहऱ्याची त्वचा उचलण्यासाठीं त्याचा उपयोग 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस मार्लेन सुलामानिड्झे या शस्त्रवैद्यानें रूढ केला. ते आरंभींचे दोरे न विरघळणारे होते. हल्लीं बहुधा शरीरांत हळूहळू विरघळून जाणारे दोरे वापरतात. त्यांपैकीं पॉलिडायोक्सॅनोन या द्रव्याचा दोरा सुमारें सहा ते आठ महिन्यांत विरून जातो. इतर कांहीं द्रव्यांचे दोरे त्याहून अधिक काळ टिकतात.

आतां प्रत्यक्ष कृति. रोग्याला बसवून त्याच्या चेहऱ्यावर दोऱ्याच्या मार्गाच्या रेषा आंखतात, कारण निजल्यावर ओघळ नाहींशी होते. नंतर बधिर करणारें औषध टोंचून कानशिलाजवळ, केसांच्या कडेला, बारीक छिद्र पाडतात. तेथून सुईनें किंवा पोकळ नळीनें दोरा त्वचेखालच्या चरबीच्या थरांतून गालाकडे नेतात, ओढून कांटे रुतवितात आणि वर राहिलेलें टोंक कापून टाकतात. हें काम सामान्यतः तासाभरांत उरकतें आणि रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. पुढें कांहीं दिवस उताणें निजावें, चेहरा चोळूं नये, तोंड फार मोठें उघडूं नये, अशीं पथ्यें असतात.

येथें 'शस्त्रक्रियेवांचून' या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्वचा कापून काढावी लागत नाहीं, एवढ्यापुरताच तो खरा आहे. बधिर करणें, छिद्र पाडणें आणि परकी वस्तु शरीरांत ठेवणें हें सर्व त्यांत आहेच. म्हणून जंतुसंसर्गाची भीतीहि आहे. या उपचारावरील 26 अभ्यासांचें एकत्रित परीक्षण 2021 सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत सूज सुमारें 35 टक्के, त्वचेवर खळगे पडणें सुमारें 10 टक्के, स्पर्शज्ञानांत बिघाड 6 टक्के, दोरा दिसणें अथवा हाताला लागणें 4 टक्के, आणि जंतुसंसर्ग तसाच दोरा बाहेर येणें प्रत्येकीं 2 टक्के, असें प्रमाण आढळलें. यांतील पुष्कळशा तक्रारी आपोआप किंवा थोड्या उपायानें दूर होतात. तथापि चेहऱ्यांत नसा, रक्तवाहिन्या आणि लाळेच्या नलिका दाटीनें असल्यामुळें अननुभवी हातांतील सुई क्वचित् मोठी इजा करूं शकते.

लाभ किती टिकतो? दोरा त्वचेला प्रत्यक्ष ओढून धरतो आणि त्याच्याभोंवतीं शरीर नवें कोलॅजन तयार करतें, असें दुहेरी कार्य सांगितलें जातें. पण 2009 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सरासरी 21 महिन्यांनीं रोग्यांची पाहणी केली, तेव्हां सुधारणा अल्प आणि अल्पकालीन ठरली. आरंभीं दिसलेला उठाव बराचसा सुजेमुळें असावा, असें त्या वैद्यांनीं नमूद केलें. दोऱ्यांत त्यानंतर सुधारणा झाली आहे खरी. तरी परिणाम कायमचा नाहीं, हें आजहि मान्य आहे. ज्यांची ओघळ थोडी आहे आणि त्वचा अजून लवचिक आहे, त्यांना मर्यादित फायदा होतो. ज्यांची त्वचा फार सैल किंवा जड आहे, त्यांची त्यानें निराशा होण्याचाच संभव अधिक. जखमेचे वण फुगून वाढण्याची ज्यांची प्रकृति आहे, रक्त पातळ ठेवण्याचें औषध जे घेतात, ज्यांचा मधुमेह आटोक्यांत नाहीं किंवा चेहऱ्यावर पुरळ अथवा पू आहे, त्यांनीं तर आपली सर्व हकीकत वैद्यापुढें आधीं मांडल्यावांचून पुढें जाऊं नये.

यावरून विचारावयाचे प्रश्न सहज सुचतात. उपचार करणारा त्वचारोगाचा किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा पदवीधर आहे काय? दोरा कोणत्या द्रव्याचा आहे, आणि त्याचें वेष्टन आपल्यासमोर फोडतील काय? उपद्रव झाल्यास तो निस्तरण्याची सोय तेथेंच आहे काय? दाखविलेलीं छायाचित्रें उपचारानंतर किती महिन्यांनीं घेतलेलीं आहेत? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण आठवड्यानंतरच्या छायाचित्रांत सुजेचाहि वांटा असतो. समारंभ दोन-चार दिवसांवर आला असतां तर हा उपचार करवूंच नये, कारण त्या वेळीं चेहऱ्यावर नेमके काळे-निळे डाग असावयाचे.

राहतां राहिली रोजची काळजी. भर दुपारच्या उन्हांत छत्री किंवा पदर डोक्यावर घेणें, उन्हापासून रक्षण करणारा लेप लावणें आणि विडी-सिगारेट सोडणें, यांनीं गेलेलें तारुण्य परत येत नाहीं. पण त्वचेची पुढची झीज मंदावते, आणि त्यासाठीं सुई टोंचावी लागत नाहीं. एवढें जाणून मग ज्याला दोऱ्याचा उपचार करून घ्यावयाचा असेल त्यानें तो खुशाल घ्यावा. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं; फक्त आपण काय विकत घेतों आणि तें किती दिवस पुरेल, हें आधीं माहीत असावें.