छाटणी ऑक्टोबरात, हप्ता डिसेंबरात
लेखमाला : मेंदूचा अभ्यास आणि पैसा – लेखांक ५

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेचे काय होते, हा मेंदूविज्ञानातला अस्सल प्रश्न आहे आणि तो विचारायला नाशिकइतकी योग्य जागा देशात क्वचितच सापडेल. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचा निचरा करणाऱ्या विकराला निकामी करतात, हे पक्के ठाऊक आहे. मोठी मात्रा एकदम पोटात गेली तर काय होते, हे ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टरही सांगेल. थोडी थोडी मात्रा पंधरा-वीस हंगाम अंगात मुरत राहिली तर स्मरणशक्ती, झोप, हातांची थरथर यांवर काय परिणाम होतो, हे सांगणे मात्र अवघड आहे. पॅराक्वाट आणि रोटेनोन यांचा पार्किन्सन्सशी असलेला संबंध परदेशी अभ्यासांतून पुढे आला, पण आपल्या बागांत एका हंगामात कितीतरी रसायने आलटून पालटून पडतात. तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. समजा, नाशिकमधल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या तरुण सहायक प्राध्यापिकेने हा प्रश्न हाती घेतला. तिला कोट्यवधींची यंत्रे नकोत. रक्तातले कोलिनएस्टरेज मोजण्याची सोय, मराठीत तपासून घेतलेल्या बोधनचाचण्या, गावोगाव फिरणारा एक प्रकल्प साहाय्यक आणि गाडीभाडे एवढ्यावर तिचे काम सुरू होते. तरी ते होईलच असे नाही, आणि अडचण रकमेची नाही.

रक्कम वाढली आहे, हे आधी मान्य करू. जुन्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे नवोदितांसाठीचे अनुदान दोन वर्षांना ३० लाखांपर्यंत होते. २०२३च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने त्याच्या जागी प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रांट आणली. तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत. इन्स्पायर फॅकल्टी योजनेत पाच वर्षे दरसाल ७ लाख संशोधनासाठी मिळतात. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलेला आहे, ही तक्रार खरीच. तरीही आपल्या प्राध्यापिकेच्या प्रकल्पाला ६० लाख पुरून उरतील. तिची गाठ पडते ती कॅलेंडरशी. नाशिकच्या बहुतेक बागांची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते (बागलाणातली आगाप छाटणी त्याच्याही आधी), आणि खरी फवारणी त्यानंतर सुरू होते. म्हणजे फवारणीपूर्वीचे रक्तनमुने छाटणीच्या आत घेतलेच पाहिजेत. सरकारी वर्ष १ एप्रिलला उघडते. मंजुरी, नैतिकता समितीची मान्यता, प्रकल्पाचे स्वतंत्र खाते या पायऱ्या चढून पहिला हप्ता डिसेंबरात आला, तर पैसा आहे पण हंगाम गेला. पुढचा हप्ता मागताना आधीच्या पैशाचे विनियोग प्रमाणपत्र लागते. ते विभागातून लेखा शाखेत, तिथून लेखापरीक्षकाकडे फिरते. तेवढ्यात साहाय्यकाचा पगार थांबतो आणि तो दुसरी नोकरी धरतो. तीन वर्षांच्या अनुदानात एक हंगाम हुकणे म्हणजे एक तृतीयांश माहिती जाणे. रसायनशास्त्रातला प्रयोग दोन महिने पुढे ढकलता येतो. मेंदूचे अभ्यास बहुधा वाढीचे, वार्धक्याचे, साचत जाणाऱ्या परिणामांचे असतात आणि ते मागे जाऊन मोजता येत नाहीत.

पहिल्या पैशाचे वजन किती, याचा चांगला पुरावा नेदरलँड्समधून आला आहे. तिथल्या नवोदितांच्या ‘वेनी’ अनुदानात गुणांच्या रेषेच्या जरा वर राहिलेले आणि जरा खाली राहिलेले अर्जदार बोल, द वान आणि वान द रेईट या संशोधकांनी २०१८मध्ये ताडून पाहिले. गुणवत्तेत जवळपास सारखे असलेल्या या दोन गटांपैकी वरच्या गटाने पुढच्या आठ वर्षांत खालच्या गटाच्या दुपटीहून अधिक निधी मिळवला. कारणांपैकी एक असे की, एकदा हुकलेले लोक पुन्हा अर्ज करण्याच्या फंदात कमी पडतात. पहिला निधी नुसते काम करून देत नाही, पुढच्या निधीची पात्रताही तयार करतो. मग तो हाती पडूनही हंगाम चुकल्यामुळे वाया गेला, तर कागदावर ती संशोधक ‘अनुदान मिळूनही निष्पत्ती नाही’ या रकान्यात जाते. माझ्या मते हे अनुदान न मिळण्यापेक्षा वाईट.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मोठी माणसे पैशावाचून अडली का? मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडियांचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते मोलाचेही आहे. १९७१मध्ये त्यांनी आणि स्वामी यांनी नऊ कुटुंबांच्या तपासणीवरून, डोळ्यांची हालचाल मंदावणाऱ्या एका आनुवंशिक मेंदूविकाराचे वर्णन ‘ब्रेन’ या नियतकालिकात केले. तीक्ष्ण नजर आणि चिकाटी हीच तिथली मुख्य सामग्री होती. पण तिच्यामागे मुंबईतली मोठी रुग्णालये, तिथे सतत येणारे रुग्ण आणि स्थिर पद होते. अनुदान वेगळे दिसत नव्हते, कारण ते व्यवस्थेतच मुरलेले होते. उदाहरण सिद्ध करते ते इतकेच की काम स्वस्तात होऊ शकते. अखंडतेशिवाय होते, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानात थोडक्यात हुकलेल्या तरुणांचा अभ्यास वांग, जोन्स आणि वांग यांनी २०१९मध्ये मांडला. जे क्षेत्रात टिकून राहिले, त्यांचे पुढचे काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरले. म्हणजे अडचणीने माणूस घडतो? त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे : त्या एका अपयशामुळे क्षेत्र सोडून जाण्याची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक वाढली. टिकलेल्यांची कामगिरी मोजताना गेलेल्यांचा हिशेब सोडून चालत नाही. शिवाय तिथे हुकलेल्याला दुसऱ्या निधीचे दार ठोठावता येते. नाशिकच्या प्राध्यापिकेला दिवसाचे तास शिकवण्यात घालवून पुढच्या वर्षीच्या जाहिरातीची वाट पाहावी लागते.

तिसरे म्हणणे असे की, विखुरण्यापेक्षा पैसा नामवंत संस्थांतच एकवटावा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २००० साली, तिशीच्या आत रुजू झालेल्या विदिता वैद्य यांना वेलकम ट्रस्टची फेलोशिप मिळाली. लहानपणीच्या ताणाचा प्रौढ मेंदूवर होणारा परिणाम त्यांनी दीर्घकाळ अभ्यासला आणि २०१५मध्ये भटनागर, २०२२मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळवला. असे काम तिथे फुलते, कारण अनुदानाच्या दोन हप्त्यांमधली दरी संस्थेचा स्वतःचा पैसा भरून काढतो. हे एकवटण्याच्या बाजूचे उदाहरण वाटते. मला ते दरी भरण्याच्या बाजूचे वाटते. द्राक्षबाग कुलाब्याला नेता येणार नाही.

ती दरी नाशिकमध्ये भरणे कठीण नाही. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून इथेच आहे. मंजुरीपत्र हाती असलेल्या संशोधकाला हप्ता येईपर्यंत दोन-तीन लाख उचल देणारा फिरता निधी विद्यापीठाने ठेवला, तर साहाय्यकाचा पगार आणि रक्तनमुने एवढे सहज निभावते. हप्ता आला की रक्कम परत. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा, या रास्त काळजीला त्याने धक्का लागत नाही, कारण तपासणी तशीच राहते, फक्त ती काम थांबवून होत नाही. केंद्राने २०२५मध्ये वैज्ञानिक संस्थांची थेट खरेदीची मर्यादा एका लाखावरून दोन लाखांवर नेली, तेव्हा उशिरालाही किंमत असते हे तत्त्व सरकारने मान्य केलेच आहे. पहिला हप्ता कोणत्या महिन्याआत लागेल, ते संशोधकाने प्रस्तावात लिहावे आणि तो महिना मंजुरीपत्रात उतरावा; या बदलाला तिजोरीतून एक रुपयाही जादा लागत नाही.

हे सगळे अर्थात कायम पदावर असलेल्यांपुरते झाले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना यांतल्या बहुतेक योजनांत अर्जच करता येत नाही. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.