मंडळाची वेबसाइट करून घेताना

आपल्या मंडळाची पहिली वेबसाइट कशी गेली, हे नव्या सभासदांना माहीत नसेल. ती एका उत्साही मुलाने हौसेने करून दिली होती. डोमेन त्याच्या नावावर, ईमेलही त्याचाच. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर येत राहिल्या आणि नाव हातचे गेले. गणेशोत्सवाचे नऊ वर्षांचे फोटो त्यातच होते. दोष त्या मुलाचा नाही. कार्यकारिणीत आम्ही कोणी कधी विचारलेच नाही, मीही नाही.

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतो. मुदत संपल्यावर डॉट कॉम नाव साधारणपणे लगेच दुसऱ्याकडे जात नाही. आधी नोंदणी कंपनी देईल ती सवलत, मग जादा पैसे भरून सोडवून घेण्याचे 30 दिवस, त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही खुले. म्हणून नव्या साइटची नोंदणी मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्याच ईमेलवर हवी. पासवर्ड सचिव आणि खजिनदार दोघांकडे असावा.

पैशांबाबत मला बँकेतली पद्धतच बरी वाटते. घरबांधणी कर्जाचा हप्ता आम्ही पाया, छत, गिलावा असे काम डोळ्यांनी पाहूनच सोडत असू. इथेही तसेच करावे: थोडी उचल, मांडणी मंजूर झाल्यावर काही रक्कम, मजकूर चढल्यावर काही. शेवटचा हप्ता सर्व फाइलींची प्रत आणि पासवर्ड ताब्यात आल्यावरच. किती पाने, किती वेळा बदल, पुढची देखभाल कोणाकडे हे आधी लिहून घ्यावे. कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी धरला आहे का, तेही विचारावे.

काम रखडते ते बहुधा मजकुरापायी, आणि तो द्यायचा असतो आपण. जुन्या स्मरणिका श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये आहेत; तो मजकूर तसाच चढवला तर भलतीच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे तपासायला एक चिकाटीचा माणूस लागतो.

सभेत साइट दाखवताना प्रोजेक्टर नको. तिथे पहिले पान पाहून सगळे वाहवा करतात. आम्ही एका ज्येष्ठ काकूंच्या हाती त्यांचाच मोबाइल ठेवून म्हटले, “कोजागरीचा कार्यक्रम किती वाजता आहे, शोधा.” त्यांना सापडेना, वेळ एका सजवलेल्या चित्रात बारीक अक्षरात होती. मुलांनी तिथेच टिपून घेतले आणि आता तारीख-वेळ पहिल्या पानावर, ठळक, सर्वांत वर आहे.