मूकपटांचा जीर्णोद्धार : ठिगळांची नोंदवही

फ्रित्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी ४१८९ मीटर होती. हा आकडा आज आपल्याला माहीत आहे तो सेन्सॉरच्या कार्डामुळे. पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचा मजकूरही त्या कार्डांवर उतरवून घेतलेला आहे. चित्रपटाला मात्र लवकरच कात्री लागली आणि मूळ लांबीची प्रत दिसेनाशी झाली.

एक आकडा हाती असला की किती गोष्टी काढता येतात पाहा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे ४१८९ मीटरमध्ये सुमारे २ लाख २० हजार चौकटी झाल्या. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने हा चित्रपट २ तास ३३ मिनिटे चालेल, तर १६ चौकटींच्या वेगाने ३ तास ४९ मिनिटे! (हे गणित नववीच्या मुलांना जरूर घालावे.) मूकपटांच्या काळात वेग सर्वत्र एकसारखा नसे. कॅमेरा बहुधा हाताने फिरवत आणि थिएटरवालाही आपल्या सोयीने वेग वाढवी. जुना मूकपट आज दाखवायचा तर वेग कोणीतरी ठरवावाच लागतो. तो कशावरून ठरवला हे लिहून ठेवले नाही, तर पुढच्या पिढीला तोच मूळ वेग वाटू लागतो.

मूळ फिल्म तपासून खात्री करावी म्हटले, तर ती टिकतेच असे नाही. ती सेल्युलोज नायट्रेटची असते. हा पदार्थ अत्यंत ज्वलनशील आहे. शिवाय त्याचे हळूहळू विघटन होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. दमट हवेत त्यांचे नायट्रिक आम्ल बनते आणि ते विघटनाचा वेग आणखी वाढवते. म्हणून चित्रे नव्या फिल्मवर उतरवून घेतात. अनेक ठिकाणी त्यानंतर मूळ रिळे नष्ट केली गेली. मग उरते फक्त प्रत, आणि ती कशी केली याची नोंद. अर्थात ठेवली असेल तर.

२००१ मध्ये मार्टिन कोर्बर आणि सहकाऱ्यांनी 'मेट्रोपोलिस'ची जुळणी केली, तेव्हा न मिळालेल्या प्रसंगांच्या जागी काहीतरी ओढूनताणून जोडले नाही. तेथे काय होते हे पाटीवर लिहून सांगितले. पुढे २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली! कोणता तुकडा कोठे बसतो हे ठरवायला गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांची स्वरलिपी कामी आली. पडद्यावर कोणत्या क्षणी काय दिसते याच्या हजाराहून अधिक खुणा तिच्यात आहेत.

पण ही प्रत १६ मिलिमीटरवर उतरवलेली होती. फिल्मच्या पाठीवरचा साधा ओरखडा घालवता येतो. जवळपास तेवढाच अपवर्तनांक असलेल्या द्रवात फिल्म बुडवून छापली, की ओरखड्यात द्रव भरतो आणि प्रकाश विखुरत नाही. बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये दिसेनाशी होते, तोच हा प्रकार. येथे मात्र ओरखड्यांचे फोटोच निघालेले होते, ते असे कसे जातील? २०१० च्या आवृत्तीत संगणकाने जमेल तेवढे साफ केले आणि उरलेल्या रेषा तशाच ठेवल्या. १६ मिलिमीटरवर चित्राची कड कातरली गेली होती, तेथे काळी पट्टी सोडली. कोणता तुकडा कोठला हे प्रेक्षकाला बसल्या जागी कळते. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत. ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची, की दादासाहेब फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा वादांत कधीकधी फिल्मची कड साक्ष देते. कोडॅकच्या जुन्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हे असत आणि त्यांवरून फिल्म बनल्याचे वर्ष काढता येते. प्रत करताना केवळ चित्र उतरवले, तर ही साक्ष कायमची जाते. म्हणून कडेचेही छायाचित्र घ्यावे, निदान चिन्हे वहीत टिपून ठेवावीत. तीच चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा वापरली जात. तेव्हा १९१७ की १९३७ हे ठरवायला दुसरा पुरावा लागतोच.