भिंत पाडण्याआधी तिची कामं मोजा

घराला रंग काढायचा म्हणून कंत्राटदार येतो आणि बोलता बोलता विषय स्वयंपाकघराच्या भिंतीवर येतो. "ही काढून टाकू, ओपन किचन करू, हॉल केवढा मोठा दिसेल!" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या टू बीएचकेमध्ये हा मोह होणारच. घरातली एक व्यक्ती भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटते आणि बाकीचे हॉलमध्ये गप्पा मारतात, हे बदलावंसं वाटणं अगदी योग्य आहे. पण भिंत नुसती आडवी आलेली नसते, ती रोज काही कामं करत उभी असते. ती कामं न मोजता घण उचलला की पस्तावा होतो. त्याबद्दलचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : भिंत पातळ आहे, म्हणजे पाडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : भिंतीच्या जाडीवरून काहीच ठरत नाही, इमारत कशी बांधली आहे यावर सगळं ठरतं. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत भार कॉलम आणि बीम पेलतात. तिथली आतली चार इंची विटांची भिंत बहुतेक वेळा फक्त आडोसा असते. जुन्या लोडबेअरिंग इमारतींत मात्र भिंत हाच खांब. तिच्यावर वरचा मजला टेकलेला असतो.

सर्वांत जास्त फसगत नव्या टॉवरमध्ये होते. बांधकामवाले ज्याला 'मायवान' म्हणतात, त्या ॲल्युमिनियमच्या साच्यांच्या पद्धतीत घरातल्या बऱ्याच भिंती स्लॅबबरोबरच काँक्रीटमध्ये ओततात. सहा इंचांच्या आसपास जाडीची ती साधी दिसणारी भिंत वरच्या सगळ्या मजल्यांचा भार घेत असते. तिच्यात दारापुरतं भगदाडही पाडायचं नसतं. टिचकी मारून आवाजावरून भिंत ओळखणं हा काही पुरावा नव्हे. इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा आणि प्रत्यक्ष येऊन पाहणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर, या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवावा. इंटिरिअर करणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी हे त्याचं काम नाही.

भिंत पाडता आली तरी तिच्या डोक्यावरचा बीम तिथेच राहतो. फोनवरच्या चित्रातलं सलग छत आपल्याला मिळेलच असं नाही.

गैरसमज २ : घर माझं, भिंत माझी. विचारायचं कोणाला?

वस्तुस्थिती : गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. हा नुसता कागदी सोपस्कार नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. दुरुस्ती एका जागेत चालू होती, माणसं वरच्या घरांतली गेली.

२००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमध्ये अनेक इमारती कोसळल्या, त्यांत तळाला भिंतीच नसलेल्या, नुसत्या खांबांवर उभ्या पार्किंगच्या इमारती बऱ्याच होत्या. भार न पेलणाऱ्या विटांच्या भिंतीसुद्धा हादऱ्याच्या वेळी इमारतीला ताठपणा देतात. एका घरातली एक भिंत कदाचित फरक पाडणार नाही. पण एकाच बाजूच्या पाच घरांनी तेच केलं तर? हा हिशेब संस्थेकडेच राहू शकतो, म्हणून परवानगी घ्यायची. इमारत पंधरा वर्षांपेक्षा जुनी असेल तर शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागून वाचा.

गैरसमज ३ : भिंत गेली की घर मोठं होतं.

वस्तुस्थिती : दहा फूट लांबीची चार इंची भिंत प्लास्टर धरून साधारण पाच इंच जाड होते. तिच्याखाली जागा किती? चार चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे दोन पाट शेजारी मांडता येतील इतकी. कागदावर तर तेवढीही वाढत नाही, कारण रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात आतल्या भिंतींखालची जागा आधीच धरलेली असते.

उलट जाते ती भिंतीवरची जागा. फ्रिज, मांडणी, वरची कपाटं, पलीकडच्या बाजूचा टीव्ही, कोपऱ्यातला देव्हारा, विजेचे पॉइंट, हे सगळं कुठे जाणार? शिवाय भिंतीखाली फरशी नसते. वीस वर्षांपूर्वीची फरशी आता मिळत नाही आणि एका पट्टीपायी सगळ्या हॉलची फरशी बदलण्याचा खर्च उभा राहतो. घर मोठं वाटेल हे खरं, कारण नजर लांब जाते. पण सामान मावणं आणि नजर लांब जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज ४ : चांगली चिमणी लावली की वास, धूर काही राहत नाही.

वस्तुस्थिती : आपल्या स्वयंपाकाचा प्राणच फोडणी. लाल मिरच्या भाजणं, सुका जवळा परतणं, दिवाळीत चार चार तास चकल्या तळणं, हे आपण सोडणार नाही आणि सोडूही नये. मग चिमणीकडून नेमकी अपेक्षा काय ठेवायची?

पाइपने हवा घराबाहेर टाकणारी चिमणीच खरा धूर काढते. बिनपाइपची चिमणी हवा गाळून घरातच परत सोडते. ती तेलकटपणा आणि थोडा वास पकडते, पण वाफ आणि उष्णता खोलीतच राहते. पाइप जितका लांब आणि जितका वळणांचा, तितकी ओढ कमी. चिमणी शेगडीपासून साधारण दोन ते अडीच फुटांवर हवी आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी नवी हवा यायला खिडकी उघडी हवी. एवढं करूनही ठसक्याचा काही भाग हॉलमध्ये येतोच आणि पडद्यांत, सोफ्यात मुरतो.

गैरसमज ५ : मोकळ्या जागेत गॅस कोंडत नाही, म्हणून धोका कमी.

वस्तुस्थिती : सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, आणि भिंत नसेल तर हॉलमधल्या समईपर्यंत, इन्व्हर्टरपर्यंत जाऊ शकतो. पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर छताकडे जातो. त्यामुळे गळती ओळखणारं यंत्र लावताना एलपीजीसाठी ते खाली, पाइप गॅससाठी वर लावायचं. पाइप गॅसची जोडणी हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्याच माणसांकडून करून घ्यावं.

गैरसमज ६ : उजेड आणि वारा आपोआप वाढतो.

वस्तुस्थिती : उजेड खिडकीतून येतो. स्वयंपाकघराची खिडकी अंधाऱ्या डक्टमध्ये उघडत असेल तर भिंत पाडून तिकडून काहीही येणार नाही. समोरासमोर दोन खिडक्या असतील तरच वारा खेळतो. हॉलमध्ये एसी असेल तर आणखी एक हिशेब आहे. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो आणि शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण पेटवला की एकटाच दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता देतो. म्हणजे भिंत गेली की एसीची बरीच ताकद शेगडीची उष्णता काढण्यातच जाईल.

गैरसमज ७ : भिंत नसली की घरातली माणसं जवळ येतात.

वस्तुस्थिती : कधी येतात, कधी वैतागतात. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली साधारण १६० चौरस फुटांची खोली उघडीच होती. स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, पाहुणे, सगळं त्यात. अशा खोल्यांत राहिलेल्या माणसांना आडपडद्याची किंमत विचारा. मिक्सर चालू असताना दहावीचा अभ्यास कसा होईल? ओट्यावरचा पसारा पाहुण्यांसमोर उघडा राहणं, ओटा आवरणाऱ्या व्यक्तीला चालेल का? ज्या व्यक्तीचे सर्वाधिक तास तिथे जातात, तिचं मत सगळ्यात आधी घ्यावं आणि तिचा शब्द शेवटचा मानावा.

मग ठरवायचं कसं?

सगळी भिंत किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय नसतात. इंजिनीअरने भिंत आडोशाचीच आहे असं लिहून दिलं, तर वरचा भाग काढून काच बसवता येते, सरकतं काचेचं दार लावता येतं किंवा ताटं पुढे सरकवायला मोठी खिडकी करता येते. नजर मोकळी होते आणि फोडणीच्या वेळी दार लोटता येतं.

एका कागदावर भिंतीची कामं लिहून काढा : भार, धूर, आवाज, सामान, आडोसा. प्रत्येक कामापुढे, भिंत गेल्यावर ते कोण करणार हे लिहा. सगळ्या ओळी भरल्या तर निर्धास्तपणे घण बोलवा. पहिली ओळ रिकामी राहिली तर भिंत तशीच राहू द्या, कारण तिच्या वरच्या मजल्यांवरही घरं आहेत.