उसन्या सामग्रीचा हिशेब

श्रोतेहो, पीएचपी भाषेंत संकेतस्थळ रचणारा मनुष्य सर्व कांहीं स्वतः लिहीत नाहीं. पत्रें पाठविणें, तारखांचें गणित करणें, असलीं कामें करणारीं तयार पॅकेजें तो दुसऱ्यांकडून घेतो. तीं आणून देणारें कंपोझर नांवाचें साधन २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. या उसन्या सामग्रीचा हिशेब कसा ठेवावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पॅकेजाच्या आवृत्तीस बहुधा तीन आंकडे असतात, उदाहरणार्थ, २.४.१. पहिला आंकडा बदलला तर जुन्या रीतीशीं फारकत झाली, दुसरा बदलला तर नवी सोय आली, आणि तिसरा बदलला तर केवळ दोष दुरुस्त झाले, असा संकेत आहे. ‘कंपोझर डॉट जेसन’ या फायलींत २.४ च्या आधीं कॅरेट, म्हणजे छपरासारखें चिन्ह, घातलें कीं २.४ किंवा तिच्यापुढील कोणतीही आवृत्ति चालते. मात्र ३ चालत नाहीं.

पण अशी मुभा दिल्यावर दोघां सहकाऱ्यांकडे निरनिराळ्या आवृत्त्या येणार नाहींत काय? वर्गांत मुलांजवळ एकाच पुस्तकाच्या भिन्न आवृत्त्या असल्या, तर ‘चाळिसावें पान काढा’ असें सांगून काय उपयोग? म्हणून ‘कंपोझर डॉट लॉक’ ही दुसरी फाईल असते. पहिलींत आपली इच्छा असते. दुसरींत प्रत्यक्ष काय आणलें त्याची नोंद असते. ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा नोंदीप्रमाणें नेमकें तेंच आणते. ‘अपडेट’ नवी निवड करून नोंदच बदलते. यास्तव ‘अपडेट’ आपल्या यंत्रावर करावें, चाचणी घ्यावी, आणि मगच नवी नोंद सर्वांस द्यावी. चालत्या सर्व्हरवर हा प्रयोग करूं नये.

आतां दुसरा भेद. कांहीं पॅकेजें घरासाठीं असतात, कांहीं केवळ घर बांधण्यासाठीं. चाचणी घेणारें पीएचपी-युनिट हें दुसऱ्या प्रकारचें. त्याची नोंद ‘रिक्वायर-डेव्ह’ या सदराखालीं करावी, आणि सर्व्हरवर ‘इन्स्टॉल’ करतांना ‘नो-डेव्ह’ हा पर्याय देऊन तें वगळावें. घर उभें राहिल्यावर परांची उतरवितात, तसेंच हें. परांची राहिली तर चोरास आयती शिडी मिळते, आणि तसें घडूं शकतें हें २०१७ सालीं उघड झालें. पीएचपी-युनिटच्या ४.८.२८ पूर्वींच्या, आणि पांचव्या मालिकेंतील ५.६.३ पूर्वींच्या आवृत्त्यांत एक लहानशी फाईल होती. बाहेरून आलेला मजकूर ती आज्ञा समजून चालवी. ज्यांचा ‘व्हेंडर’ फोल्डर जगास उघडा होता, त्यांच्या सर्व्हरवर कोणाही परक्यास हवें तें करतां येई.

उसनें आणण्यांत कमीपणा नाहीं. मात्र काय आणलें, कोणतें आणलें आणि कोठें ठेवलें, हें प्रत्येक गृहस्थास ठाऊक असावें.