रक्ती हगवण पुन्हा पुन्हा का येते?

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली, एकवीस दिवसांनी दहा-बारा पिले निघाली, महिनाभर ती चांगली वाढली. मग एकेक पिलू पिसे फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात बसू लागले. विष्ठेत रक्त दिसले. जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणून पाण्यातून पाजले, हगवण थांबली. पंधरवडा जातो न जातो तोच पुन्हा तीच हगवण! अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, ‘औषधात दम नाही.’

कवठे महांकाळसारख्या दुष्काळी तालुक्यात हा प्रश्न क्षुल्लक नाही. पीक पावसावर अवलंबून असते, पण परसातल्या पाच-सहा कोंबड्यांची अंडी बारा महिने घरात येतात. त्यांतली काही मुलांच्या ताटात जातात, काही विकून वही-पेन्सिलीचा आणि एस.टी.च्या तिकिटाचा खर्च निघतो. हा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती असतो. बारा पिलांपैकी तीनच जगली, तर पुढच्या वर्षभराची अंडी गेली. म्हणून हा रोग परत का येतो हे नीट समजून घ्यायला हवे.

या रोगाला आपण रक्ती हगवण म्हणतो. शास्त्रीय नाव कॉक्सिडिओसिस. तो आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा मलेरियाच्या परजीवीचा दूरचा नातेवाईक. कोंबडीत त्याच्या मुख्यतः सात जाती आढळतात. आयमेरिया टेनेला ही जात आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांमध्ये (अंधांत्रात) वाढते आणि तिच्यामुळे विष्ठेत ताजे रक्त पडते. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना या रोगाचा धोका सर्वाधिक असतो.

आता या परजीवीचे वेळापत्रक पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. रोगी पक्ष्याच्या विष्ठेतून जाड कवचाचे सूक्ष्म गोळे बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. बाहेर पडलेला ऊसिस्ट लगेच रोग पसरवू शकत नाही. त्याला ओल, ऊब आणि प्राणवायू या तीन गोष्टी एक-दोन दिवस मिळाव्या लागतात. मग कवचाच्या आत चार कुप्या व प्रत्येक कुपीत दोन, असे आठ जंतू तयार होतात. दाणे टिपताना पिलाने असा पक्व ऊसिस्ट गिळला की ते आठही जंतू आतड्याच्या पेशींत शिरतात, वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशींत शिरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त दिसू लागते. सहाव्या-सातव्या दिवसापासून नवे ऊसिस्ट बाहेर पडतात. एका ऊसिस्टपासून, जातीनुसार, हजारो ते लाखो!

म्हणजे पोटातले सहा-सात दिवस आणि जमिनीवरचे एक-दोन दिवस मिळून आठ-नऊ दिवसांत एक फेरा पूर्ण होतो. पंधरवड्यात असे जवळजवळ दोन फेरे बसतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतड्यातल्या पिढ्यांची संख्या ठरलेली असते. तेवढ्या पिढ्या झाल्या की पोटातली वाढ आपोआप थांबते. मलेरियाचा परजीवी रक्तात पिढ्यान् पिढ्या वाढत राहतो, आयमेरिया तसे करत नाही. मग हगवण परत आली याचा अर्थ काय? पक्ष्याने बाहेरून नवे ऊसिस्ट गिळले. औषध कोंबडीच्या पोटात काम करते, खुराड्यातल्या ओल्या मातीत नाही.

मग औषध निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. नेहमी वापरले जाणारे ॲम्प्रोलियम कसे काम करते ते पाहण्यासारखे आहे. त्याची रचना ब-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवीला ब-१ लागते. ते आत घेण्याच्या वाटेवर ॲम्प्रोलियम अडून बसते आणि परजीवीची उपासमार होते. जावामध्ये डच डॉक्टर आयकमन यांनी पॉलिशच्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या, त्यातूनच पुढे ब-१चा शोध लागला आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबडीने शिकवलेली गोष्ट अशी कोंबडीच्याच कामी आली.

यावरून व्यवहारातल्या दोन गोष्टी कळतात. एक, औषध चालू असताना ब-१ असलेले टॉनिक देऊ नये. नाही तर औषधाचा परिणाम आपणच पुसून टाकतो. दुसरी, हे औषध मुख्यतः परजीवीच्या सुरुवातीच्या पिढ्यांवर चालते. रक्त दिसते तोवर त्या पिलात बरेचसे नुकसान झालेले असते. म्हणून एका आजारी पिलाला नव्हे, तर सगळ्या पिलांना पाण्यातून औषध द्यायचे. आजारी पिलू दाणे सोडते, पण पाणी बहुधा पिते. २० टक्क्यांच्या भुकटीचे प्रमाण साधारणपणे २५ लिटर पाण्याला ३० ग्रॅम, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम असते. ते तीन ते पाच दिवस, नंतर कमी प्रमाणात एक-दोन आठवडे देतात. त्या दिवसांत पिण्याचे दुसरे पाणी ठेवायचे नाही. नेमके प्रमाण, आणि अंडी खावीत की नाही हे, पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे.

आता जमिनीकडे वळू. कवठे महांकाळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. ऊन भरपूर, हवा कोरडी. ऊसिस्टच्या कवचावर फिनाईलसारख्या जंतुनाशकांचा फारसा परिणाम होत नाही, पण कोरडेपणा आणि उष्णता त्याला सोसत नाही. या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. द्राक्षातले पाणी काढून घेतले की बेदाणा बुरशीशिवाय टिकतो. ओल गेली की सूक्ष्मजीवांचे बळ जाते. मग अशा कोरड्या मुलखात रोग येतो कसा? कारण ओल आपणच तयार करतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल, मोरीचे सांडपाणी, गोठ्याचा कोपरा, कधीच न बदललेला तूस. पिले नेमकी तिथेच टिपत असतात.

उपाय या वेळापत्रकातूनच सुचतात. ऊसिस्ट पक्व व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून विष्ठा रोज झाडून काढावी. पिले डालग्याखाली ठेवत असाल तर डालगे रोज नव्या, कोरड्या जागी हलवावे. कालची जागा उन्हात तापू द्यावी. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, म्हणजे त्यात विष्ठा पडत नाही. दाणे जमिनीवर न फेकता भांड्यात द्यावेत. भांड्यांवर अधूनमधून उकळते पाणी ओतावे. तूस ओला झाला की बदलावा. यातल्या कशालाच फारसा खर्च येत नाही.

ऊसिस्ट पूर्णपणे नाहीसे होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत. थोडे ऊसिस्ट पोटात गेले तर पिलू आजारी न पडता प्रतिकारशक्ती मिळवते. या रोगाच्या जिवंत लशी याच तत्त्वावर तयार केल्या जातात. मात्र ही शक्ती त्या-त्या जातीपुरतीच असते. मोठी कोंबडी निरोगी दिसूनही ऊसिस्ट टाकत राहते. म्हणून प्रत्येक नव्या पिलावळीला धोका असतोच.

प्रत्येक हगवण रक्ती हगवण नसते. कोंबडी दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट विष्ठा टाकते; ती अंधांत्रातली, अगदी नैसर्गिक. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे यूरिक आम्ल, पक्ष्याची लघवी. हिरवट हगवण आणि मान वाकडी होणे ही मानमोडीची (राणीखेत) लक्षणे. तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही, लसच हवी. अनेक पक्षी एकाएकी मेले तर घरी उपचार न करता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नये.

शाळेत एक प्रयोग करता येईल. परसातल्या कोंबड्यांची ताजी विष्ठा घेऊन एक भाग बशीत थोड्या पाण्यात उघडा ठेवा, दुसरा उन्हात पातळ पसरून वाळवा. दोन दिवसांनी दोन्ही वेगवेगळे मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळून कापडातून गाळा. परीक्षानळी काठोकाठ भरून वर काचपट्टी ठेवा. वीस मिनिटांनी ती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली, ४०० पट मोठे करून पाहा. ऊसिस्ट हलके असल्याने वर तरंगून काचेला चिकटतात. ओल्या बशीतल्यांत चार कुप्या दिसतात का? वाळवलेल्यांत किती दिसतात? मोजून तक्ता करा. कोंबडीचा आयमेरिया माणसाला होत नाही, पण विष्ठेत सालमोनेलासारखे जिवाणू असू शकतात. म्हणून हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

तक्ता तयार झाला की तो विद्यार्थ्यांना घरी न्यायला सांगा. खुराडे कोरडे का ठेवायचे, हे आईला पटवून द्यायला तेवढा पुरावा पुरेसा आहे.